माझा रिपोर्ट साफ नव्हता

माझं शिक्षण चौथी. त्यातही चौथीच्या परीक्षेला मी बसलो नव्हतो, कारण मास्तरांशी माझं वाजलं होतं. तेव्हा कुठं शब्द चुकला तर सांभाळून घ्या. माझी सून सुनीता म्हणाली, मामा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, माझं मी लिहीन. दोन वह्या खराब केल्या आणि हे तिसऱ्या वहीत उतरलं. सुनीतानं फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आहे.

लिहिण्याचं कारण एकच. साखर कारखान्यात बॉयलरच्या पाईपांवर काम केलेली माणसं मला विचारतात, छातीची तपासणी करायची का? मला विचारतात, कारण मी त्यांचा मुकादम होतो. याचं उत्तर एका ओळीत देता येईल. पण मागं मी एका ओळीतच दिलं होतं आणि ते खोटं होतं. म्हणून आता सगळं सांगतो.

पांढरं पीठ

आमचं गाव तिसगावपासून चार-पाच किलोमीटरवर. ऊस संपून कारखान्याचा भोंगा बंद झाला की आमचं काम सुरू व्हायचं. बॉयलरपासून वाफ नेणारे जाड पाईप असतात. त्यांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून वरून लेप असतो. जुना लेप हातोडीनं फोडायचा, नवी भुकटी घमेल्यात पाण्यानं कालवायची, हातानं थापायची, वर तारेची जाळी, वर कापड, परत लेप. भुकटीच्या पोत्यावर नाव इंग्रजीत असायचं. ते अॅस्बेस्टॉस, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पीठ म्हणायचो.

माझ्या हाताखाली आठ माणसं. मी बौद्ध वस्तीतला, त्यातली बरीचशी गावातली. गावातल्या माणसानं त्या काळी आमच्या घरचं पाणी घेतलं नसतं. पण जुना लेप फोडायला लागलं की तासाभरात सगळ्यांची तोंडं सारखी. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानातले केस पांढरे. कोण कुठल्या आळीचा, कळायचं नाही.

सुट्टी झाली की मी गुळाची ढेप फोडायचो. गूळ खाल्ला की धूळ खाली उतरते, छातीत राहत नाही, असं आम्हाला आमच्या आधीच्या माणसांनी सांगितलं होतं. गूळ ठेकेदार द्यायचा, वाटायचं काम मुकादमाचं. सगळे रांगेत उभे राहायचे, मी एकेकाच्या तळहातावर खडा ठेवायचो. माझ्या हातचा गूळ सगळे खायचे. माझ्या हातचा. हे दोनदा लिहिलंय ते चुकून नाही.

एकदा कारखान्यातल्या एका साहेबानं तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणून दिल्या. मी म्हटलं, "सायेब, आमाला गूळ हाय." माझ्या जोडीला भागवत असायचा. पाईपाच्या वरच्या अंगाला मी आणि खालच्या अंगाला तो, असं आम्ही तीसेक वर्षं काम केलं. त्यानं त्यातली एक पट्टी घेतली आणि तिच्यातून चहा गाळला. सगळे हसले. मी जास्त हसलो. पुन्हा कुणी आम्हाला पट्टी आणून दिली नाही.

नऊ चिठ्ठ्या

काम सुटून बारा-तेरा वर्षं झाली होती. सुनीता आमच्या गावची आशाताई आहे. दिवाळीच्या आधी ती एक पिशवी घेऊन आली. एका संस्थेचे डॉक्टर नगरला तपासणी करणार होते. धुळीत, धुरात काम केलेल्या माणसांच्या छातीची. जुन्या हजेरीवरून तिनं आमच्या टोळीची नऊ नावं काढली होती, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी.

मी म्हटलं, "मला काय बी त्रास न्हाई."

"त्रास नसलेल्यांसाठीच हाय, मामा. त्रास सुरू व्हायच्या आदी कळावं म्हणून."

"त्रासच न्हाई तर डॉक्टर काय बघनार? माझं तोंड?"

"फुफ्फुसं बघत्यात."

"ती माझी मला ठावं हायती. दिसभर चालत्यात."

ती खाली बसली. म्हणाली, "मामा, मी तीन घरं फिरून आले. तिघं बी एकच म्हनले. मुकादम काय म्हनतोय ते सांग आदी. तुमी न्हाई गेलात तर ह्या नऊच्या नऊ चिठ्ठ्या माझ्या पिशवीतच राहनार."

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काम सुटून इतकी वर्षं झाली तरी माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही. मग मी ठरवलं, जायचं. रोग शोधायला नव्हे. साफ रिपोर्ट आणायचा, तिसगावच्या स्टँडवर चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, गुळावर जगलेली छाती अशी असते.

मशीन

डॉक्टरीण बाई माझ्या नातीच्या वयाची वाटली. तिनं मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे माझ्या लग्नातही कुणी विचारले नव्हते. किती वर्षं काम केलं, लेप कोरडा फोडायचा का ओला करून, बिड्या किती. मी म्हटलं, बिडी सोडायची म्हणाल तर आधी एक ओढतो, मग बोलू. ती हसली नाही. लिहीत राहिली.

मग म्हणाली, "काका, कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

"बायको."

"धुण्याआधी काकू ते झटकायच्या का?"

"झटकनारच की. पीठच असायचं त्यात."

तिनं पेन थांबवलं आणि म्हणाली, "काकूंनाही आणा."

हे मला आवडलं नाही. मी कारखान्यात काय केलं ते केलं, घरच्या बाईचा इथं काय संबंध, असं म्हणणार होतो. पण सुनीता शेजारी होती, म्हणून गप्प बसलो.

स्कॅनचं मशीन म्हणजे एक मोठं कडं. ट्रकच्या टायरसारखं. त्यात हात वर करून निजायचं. मशीनच हिंदीतून सांगतं, श्वास धरा. मी धरला. सोडा म्हणालं तरी जरा धरून ठेवला. दम आहे हे दिसावं म्हणून. दुखत काही नाही, सुई नाही, काढा प्यायला देत नाहीत. भाकरी भाजायला वेळ लागतो त्याच्या आत झालं. एवढ्याशासाठी माणसं घाबरतात, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो.

शेंगदाणा

चार दिवसांनी परत बोलावलं. उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला एक गाठ आहे, डॉक्टरीण बाई म्हणाली. शेंगदाण्याएवढी. मी म्हटलं, "सकाळी खाल्ल्याला असंल, वर चढला." कुणीही हसलं नाही. मग पाठीतून सुई घालून तुकडा काढला. त्या वेळी मला हातात आवळून धरायला काहीतरी हवं होतं, तर माझ्या हातात माझी टोपीच आली. ती अजून चुरगाळलेली आहे. धुतली तरी घडी जात नाही.

निकालाच्या दिवशी मी एकटा गेलो. सुनीताला म्हटलं, कामावर जा. डॉक्टरीण बाईनं मला आधी पाणी दिलं. न मागता पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं.

ती म्हणाली, "काका, कॅन्सर आहे. पण लहान आहे, एकाच जागी आहे. ऑपरेशन करून काढता येईल. दुखायला लागल्यावर आला असतात तर मी हे वाक्य बोलू शकले नसते."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर माणूस पडत असेल. मी पडलो नाही. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. ते पाच मिनिटं पुढं होतं, माझ्या हातातल्या घड्याळापेक्षा. मी तिला म्हटलं, तुमचं घड्याळ पुढं हाय. ती म्हणाली, हो.

नंतर मी म्हटलं, "पन आमी गूळ खात हुतो."

"कसला गूळ?"

मी सगळं सांगितलं. रांग, ढेप, तळहात. तिनं मध्ये तोडलं नाही. शेवटी हळूच म्हणाली, "काका, गूळ पोटात जातो. धूळ फुफ्फुसात जाते. दोन रस्ते वेगळे आहेत."

कॅन्सर हा शब्द ऐकून मी उभा होतो. हे ऐकल्यावर खुर्ची धरून बसलो. तीस वर्षं मी रांगेत उभ्या माणसांच्या हातावर काय ठेवत होतो?

टपरी

आता जे सांगायचंय त्यासाठी दोन वह्या फाडल्या.

एसटीतून तिसगावला उतरलो. समोर टपरीवर भागवत बसलेला. शेजारी आमच्या टोळीतले आणखी दोघं, अन्सार आणि दशरथ. त्यांना ठाऊक होतं मी रिपोर्ट आणायला गेलोय. मीच गाजावाजा केला होता.

भागवत माझ्या बिड्यांवरून मला धुराडं म्हणायचा. तो लांबूनच ओरडला, "आलं धुराडं! काय मुकादम, काय निघालं? पोरगं का पोरगी?"

सगळी टपरी हसली. पिशवी माझ्या काखेत होती, पिशवीत रिपोर्ट होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, "साफ. आरशावानी."

"खरं?"

"मग! डॉक्टरीण म्हनली, काका, तुमी काय खाता? म्या सांगितलं, गूळ."

भागवतनं मांडीवर थाप मारली. सदऱ्याच्या खिशातून स्वतःची चिठ्ठी काढली, तिची सुरळी केली आणि कानात घालून फिरवली. म्हणाला, "वर मुकादम अन् खाली मी. सगळं पीठ आदी तुझ्या तोंडात, मग माझ्या. तुझंच साफ, तर माझं काय बघायचं? ह्यो रिपोर्ट दोघांचा हाय."

मग ती सुरळी त्यानं टपरीच्या शेगडीत टाकली. हसता हसता त्याला खोकला आला. बराच वेळ आला. मी ऐकला.

अजूनही वेळ होता. मी म्हणू शकलो असतो, भागा, थट्टा केली. म्हटलं नाही. मी चहा मागवला, सगळ्यांना.

घर

घरी मी खरं सांगितलं. बायको जना चुलीपुढं होती. तिनं ऐकलं आणि भाकरी उलटायची विसरली. जळल्याचा वास आल्यावर म्हणाली, "मी बी झटकत हुते की ती कापडं. दाराम्होरं. तोंडाला पदर बी न्हाई लावला कधी."

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. दुसऱ्या आठवड्यात तिला नेलं. ती त्या कड्यात गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि बाबासाहेबांची शपथ घेऊन स्वतःशी म्हटलं, हिचं साफ निघू दे, मी बिडीला हात लावणार नाही. तिचं साफ निघालं. खरोखरचं साफ. बंडल खिशातच होतं, ते दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या सगळ्या दिवसांत सुखाची गोष्ट म्हणावी अशी ही एक.

मुलगा विजय भिंगारला नोकरीला आहे. तो म्हणाला, अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. गावात सांगायचं की तुम्ही माझ्याकडं राहायला आलाय. ठरलं. पण सुनीता बोलायची थांबली. ताट वाढायची, गोळ्या द्यायची, बोलायची नाही. शेवटी मीच म्हटलं, काय असंल ते बोल.

"काय बोलू, मामा? आजार तुमचा हाय, सांगायचा का न्हाई ते बी तुमच्याच हातात. माझ्या तोंडून बाहेर जानार न्हाई, तसा आमचा नियमच हाय. पन मी चिठ्ठी घेऊन दारात गेले की लोक म्हनत्यात, मुकादमाचं साफ हाय, जा तू. आन मी मान हालवून म्होरं जाते. मला लाज वाटती."

मी रागावलो. तू मला शिकवतीस का, म्हणालो. ती आत गेली. खरं बोलणाऱ्या माणसावर आवाज चढवणं हे मला चांगलं जमतं, आयुष्यभर केलंय.

पुण्याला

संक्रांतीच्या आधी पुण्याला ऑपरेशन झालं. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. ऑपरेशनचं मला काही सांगता येत नाही, मी तिथं असून नसल्यासारखा. त्याच्या पुढचं सांगतो, कारण पुढं जाणाऱ्याला तेच कामाचं आहे.

छातीतून एक नळी बाहेर येते, तिचं टोक बाटलीत असतं. आतलं पाणी, रक्त तिच्यात उतरतं. जिकडं जाल तिकडं ती बाटली हातात घेऊन चालायचं. मी तिला शेळी म्हणायचो. सकाळी शेळी घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत, दुपारी परत. पाच दिवसांनी शेळी सुटली. नळी काढताना एकच जोराची कळ येते, मग संपतं. ओरडावंसं वाटलं तर ओरडा. मी ओरडलो नाही आणि त्याचा मला काहीही फायदा झाला नाही.

सगळ्यांत वाईट खोकला. छाती चिरलेली, आणि ते सांगतात, खोका. कफ आत राहिला तर निमोनिया होतो. उशी छातीशी घट्ट धरायची आणि खोकायचं. मी नुसतं खाकरायचो. तिथली एक सिस्टर शिर्डीची होती. तिच्या वडिलांचं मंदिराजवळ फुलांचं दुकान. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, माझे वडील गर्दीत हार विकायला असे ओरडतात की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळतं. तुम्हाला नुसतं खोकायचंय. ह्याला खोकला म्हणतात होय?" मला इतका राग आला की चांगला खोकलो. "हां," म्हणाली, "आता विकला हार."

आणि ते तीन गोळ्यांचं खेळणं. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोळी. तोंडानं हवा आत ओढायची, गोळ्या वर चढतात. पहिली चढली. दुसरी चौथ्या दिवशी चढली. तिसरी काही हलेना. मी दिवसभर त्या तिसऱ्या गोळीकडं बघत बसायचो. मला भीती कशाची वाटत होती तर मरणाची नव्हे. आता मी दोन गोळ्यांचा माणूस राहणार, ह्याची. डोक्यावर पोतं घेऊन शिडी चढणारा मी.

अशाच एका दुपारी फोन वाजला. भागवत.

"मुकादम! भिंगारला लई करमाया लागलं व्हय? सुनंच्या हातचं नको झालं का?"

"येतो आता." माझा आवाज पातळ झाला होता.

"घसा बसला का काय? गूळ खा," म्हणाला आणि हसला. हसता हसता खोकला सुरू झाला. मी फोन कानाला धरून ऐकत राहिलो. टपरीवरच्यापेक्षा तो लांब होता, आणि शेवटी श्वास ओढताना शिट्टीसारखा आवाज आला. आता मला खोकल्यातलं कळत होतं. वॉर्डात दुसरं काही ऐकायलाच नव्हतं.

तो म्हणाला, "थंडीचं हाय. जाईल." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिसरी गोळी मी बघितलीच नाही.

ओटा

एवढं ऐकूनही मी लगेच सांगितलं असेल असं वाटत असेल तर तुम्हाला मी अजून कळलो नाही. घरी आलो. दोन महिने सदऱ्याची वरची बटणं लावून फिरलो. वजन का उतरलं विचारलं तर म्हणालो, विजयची बायको इकडं, तिकडं त्याच्या हातचं खाऊन उतरलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ पूर्ण निघाली, आजूबाजूला पसरलेलं नाही, औषधं नकोत, फक्त सहा महिन्यांनी स्कॅन. म्हणजे मी वाचलो. आणि वाचल्यावर तर सांगणं आणखी अवघड झालं. आजारी माणसाला खोटं माफ असतं. बऱ्या झालेल्याला काय?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुनीता एवढंच म्हणाली, "मामा, भागवतकाकांच्या रुमालाला रक्त हाय. काकूनं सांगितलं."

मी चपला घातल्या.

भागवत ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. त्याची बायको सुपात निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सदऱ्याची बटणं काढली. काखेखालून पाठीपर्यंतचा वण त्याला दाखवला.

तो शेंगा सोलायचा थांबला. "हे काय?"

"फुफ्फुस काढलंय. निम्मं-अर्धं. कॅन्सर हुता."

"कवा?"

"पुसात. भिंगारला न्हवतो, पुन्याला हुतो."

त्यानं वणावरून बोट फिरवलं, पाईपावरचा लेप सुकला का बघायला फिरवायचा तसं. मग त्याचं बोट थांबलं. त्याच्या डोक्यात हिशेब लागत होता, मला दिसत होता.

"मंग टपरीवर तुज्या पिशवीत काय हुतं?"

"हेच हुतं."

"साफ म्हनलास."

"म्हनलो."

"आरशावानी म्हनलास."

त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, आवं हे तवापासनं खोकत्यात. म्या दहा डाव म्हनलं, जावा. तर म्हनायचे, मुकादमाचं साफ हाय." आणि तिनं पदर तोंडात घातला.

भागवत शेंगेतला एक दाणा बोटात धरून होता.

"पाच म्हयनं," तो म्हणाला. "पाच म्हयनं तू माज्यासंगट चा प्यालास."

"भागा, माझी चूक..."

"ऊठ."

"ऐक तर..."

"सखाराम, माज्या वट्यावरनं ऊठ."

चाळीसेक वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. मुकादम नाहीतर धुराडं. मी उठलो. बटणं न लावता तसाच उघड्या छातीनं गल्लीतून घरी आलो. लोकांनी वण बघितला. बघू दे.

भागवत

तो माझ्याकडं आला नाही, सुनीताकडं आला. तिनं त्याला नगरला नेलं. त्याची गाठ लिंबाएवढी निघाली आणि बाजूच्या गाठींत पसरली होती. ऑपरेशन करता येणार नाही, औषधाच्या सलाईनी द्याव्या लागतील, असं सांगितलं.

मी त्या डॉक्टरीण बाईला एकटा गाठलं. म्हटलं, "दिवाळीला आला असता तर?"

ती म्हणाली, "काका, तेव्हा ती केवढी होती हे आज कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही."

तिनं मला सोडलं. मी काही मला सोडलेलं नाही.

पहिल्या सलाईनीच्या दिवशी मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. भागवतचा मुलगा कामाला लांब असतो, बायकोला एसटी लागते, कुणीतरी सोबत पाहिजेच होतं. त्यानं मला बघितलं, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी मागच्या सीटवर बसलो. दवाखान्यात त्याच्या खाटेपासून हातभर लांब स्टूल ठेवलं. सिस्टरला बोलवायचं, सलाईन संपत आली की सांगायचं, ओकारी आली की भांडं धरायचं. बोलणं नाही. दर तीन आठवड्यांनी असं चाललंय.

तिसऱ्या वेळी तो छताकडं बघत म्हणाला, "तोंडाला लोखंडाची चव येती. कायबी खाल्लं तरी लोखंडच."

मी विचारलं, "काय आनू?"

"गूळ."

मला वाटलं टोमणा मारतोय. त्याच्याकडं बघितलं, तर नव्हता. मी म्हटलं, "भागा, गुळानं कायबी हुत न्हाई."

"ठावं हाय मला. म्या औषीद मागितलं का?"

सिस्टरला विचारलं, चालतो म्हणाली. खाली जाऊन दुकानातून आणला. पण त्याच्या हातावर ठेवायला माझा हात पुढं होईना. कागदात तसाच त्याच्या उशाशी ठेवला. त्यानं आपल्या हातानं घेतला.

स्टँडवर

आता मी कुणी विचारलं की सदरा काढतो. बाजारच्या दिवशी तिसगावात भर टपरीवर काढला. जिथं खोटं बोललो तिथंच. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, माझ्या छातीला आता निम्मीच हवा लागते, शरमेला किती जागा देणार?

अन्सार आणि दशरथ मात्र तयार होईनात. वण बघूनही. अन्सार म्हणाला, "मुकादम, आदी तुमी साफ म्हनले. आता जा म्हनताव. उद्या अजून काय म्हनाल?" शब्दावर माणसं चालवत होतो मी, आता तो शब्दच चालत नाही.

गेल्या आठवड्यात भागवतची पाचवी सलाईन होती. सकाळच्या गाडीला स्टँडवर आलो, तर ते दोघं टपरीवर. सुनीतानं नव्यानं दिलेल्या चिठ्ठ्या खिशात, पण उठायचं नाव नाही. दशरथनं मला विचारलं, "खरंच जायाचं का, मुकादम?"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भागवत काठी टेकत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"त्याला काय इचारतो? मला इचार." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. एक केस नाही. भुवयासुद्धा गेलेल्या. "वळखलं का? पिठात हुतो तवा तरी भुवया पांढऱ्या का हुईना, हुत्या. उठा. माझ्या मागनं या."

अन्सारनं अर्धा चहा तसाच ठेवला. दोघं उठले. गाडी लागली होती. भागवत पुढं, ते दोघं मागं, मी सगळ्यांत शेवटी.

गाडीत भागवतच्या शेजारची जागा रिकामी होती. मी मागं जायला लागलो, तर त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसलो. करंजीचा घाट संपेपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग तिकडंच बघत त्यानं आपला तळहात माझ्यापुढं केला.

खिशात कागदात गूळ होता. आता मी तो जवळ ठेवतो. एक खडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. पाठीमागून अन्सार म्हणाला, "आमाला बी द्या की." त्यांनाही दिला.

त्या दोघांचे रिपोर्ट परवा येणार आहेत. आणायला मी जाणार आहे, आणि काय निघेल तेच स्टँडवर उतरून सांगणार आहे. टोळीतले बाकीचे पाच कुठं कुठं पांगलेत. त्यांच्यापैकी कुणाच्या हातात हे पडलं तर एवढं वाचा: माझा रिपोर्ट साफ नव्हता. जाऊन या.